नाव कोरू नका

सहलीत आम्ही लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे लेणे पहिल्यांदाच पाहिले. बौद्ध भिक्षूंचे हे प्रार्थनामंदिर सुमारे २००० वर्षांपूर्वी डोंगर कोरून केले आहे. आत दगडी स्तूप आहे. छताच्या लाकडी कमानी अजून तेव्हाच्याच आहेत.

नाव कोरायला मी हळूच खिशातून खिळा काढला. तेवढ्यात गुरुजींनी खांबावरची अक्षरे दाखवली. ती ब्राह्मी लिपीत आहेत. दान देणाऱ्यांची नावे! कुणी खांब दिला. एका सुताराने दार केले. मला लाजच वाटली. त्यांनी दिलं म्हणून त्यांचं नाव. मी काय दिलं? खिळा गपचूप खिशात टाकला.

माझे मत असे, की ज्याने काही दिले नाही त्याने नाव कोरू नये. शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहिणाऱ्यांनीही हे वाचावे.

– इयत्ता ४ थी