आठ आठे चौसष्ट

चक्रवाढ व्याज सोडलं, तर गुणाकारानं भल्या माणसांचा एवढा घात केलेला मी पाहिलेला नाही, जेवढा टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये केला. (ऑलिंपिक 2020 चं, भरलं 2021 मध्ये. आमच्या बँकेत अशी मागल्या तारखेची नोंद केली तर मेमो मिळतो. ते असो.) स्पोर्ट क्लाइंबिंग, म्हणजे कृत्रिम भिंतीवर चढण्याचा खेळ, ऑलिंपिकमध्ये प्रथमच आला तो तेव्हा. आमची ही टीव्हीपुढे उभी राहून दोन मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "दर दिवाळीला मी माळ्यावर चढते, मला नाही कुणी पदक दिलं!"

तर हा खेळ एक नव्हे, तीन आहेत. ‘स्पीड’मध्ये 15 मीटरची भिंत. जगात कुठंही जा, तिच्यावरच्या पकडी त्याच जागी. पाठ केलेला पाढा सर्वांत भरभर कोण म्हणतो, एवढाच प्रश्न. ‘बोल्डर’मध्ये दोर नाही, भिंत बुटकी, खाली गाद्या, पण कोडं कोरं करकरीत, आणि आधीचा ते कसं सोडवतो हेही बघू देत नाहीत. ‘लीड’मध्ये कमरेला दोर बांधून उंच भिंतीवर 6 मिनिटांत जमेल तेवढं वर जायचं. हात सुटला की खेळ आटोपला. पाढा म्हणणं, शब्दकोडं सोडवणं आणि पंढरीची वारी करणं यांत जेवढं साम्य, तेवढंच या तिन्हींत.

पण ऑलिंपिकवाल्यांनी पुरुषांना एक आणि बायकांना एक, एवढेच पदकांचे संच देऊ केले. आंतरराष्ट्रीय महासंघाला तर तिन्ही मुलांची लग्नं एकाच मांडवात उरकायची होती. मग नियम निघाला: तिन्ही प्रकारांतल्या क्रमांकांचा गुणाकार करा; ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो सर्वांत मोठा.

आमच्या शाखेतले अकाउंटंटसाहेब या पद्धतीचे वकील आहेत. त्यांचं म्हणणं असं, की गुणाकारात पहिल्या नंबराला किंमत राहते. बेरीज केली की सगळीकडे चौथा येणारा गुळमुळीत माणूस पुढे सरकतो आणि एखाद्या विद्येत जगात पहिला असणारा मागे पडतो. साहेब माझा गोपनीय अहवाल लिहितात, त्यामुळे तोंडावर काही बोललो नाही. इथं बोलतो.

बायकांची अंतिम फेरी घ्या. पोलंडची अलेक्सांद्रा मिरोस्वाव स्पीडमध्ये पहिली आली, तीही 6.84 सेकंदांचा जागतिक विक्रम करून. उरलेल्या दोन्हींत आठवी. 1 गुणिले 8 गुणिले 8; आठ आठे चौसष्ट. जपानची आकियो नोगुची तिन्हींत चौथी. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. दोघींची बरोबरी! ती फोडताना दोन प्रकारांत पुढं कोण ते पाहिलं, आणि कांस्यपदक नोगुचीला गेलं. म्हणजे साहेब ज्या बाईपासून पदक वाचवायला गुणाकार आणतात, तिलाच गुणाकारानं ते दिलं. नोगुची गुणी बाई, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मिरोस्वावनं भिंत 5 सेकंदांत चढली असती तरी तो एकच राहिला असता. एकाच्या खाली आकडा नाही. जागतिक विक्रमाची किंमत शून्य करणारा हिशेब मी तरी दुसरा पाहिला नाही.

सुवर्ण स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटला मिळालं. 5, 1, 1. तिला कुठलंही गणित लावा, ती पहिलीच. पण सोनं खरं निघालं म्हणून तराजू खरा ठरत नाही.

पुरुषांची मौज याहून थोर. अंतिम फेरीत प्रत्यक्ष उतरले सातजण. एकजण आधीच्या फेरीत जायबंदी झाला होता. स्पेनचा आल्बेर्तो हिनेस लोपेस 1, 7, 4 म्हणजे 28, सुवर्ण. अमेरिकेचा कोलमन 6, 1, 5 म्हणजे 30, रौप्य. ऑस्ट्रियाचा शूबर्ट 7, 5, 1 म्हणजे 35, कांस्य. मला सवय वाईट. कागद दिसला की मी बेरीज मारतो. मारली. सातांपैकी पाचजणांची बेरीज आली बारा! जपानच्या नारासाकीची आली अकरा, म्हणजे सर्वांत कमी, आणि त्या बापड्याचा प्रत्यक्षात नंबर चौथा. तेरा आली एकट्या शूबर्टची. बेरजेनं शेवटचा, गुणाकारानं गळ्यात पदक.

साहेब म्हणतील, मग बेरीज करा. नाही हो! क्रमांक ही बेरीज-गुणाकार करण्याची वस्तूच नव्हे. रुपये मोजावेत, टोकन नंबर मोजू नयेत. टोकन नंबर पुढं कोण उभा आहे यावर ठरतो. झेक ओंद्राचंच पाहा. स्पीडमध्ये 4, बोल्डरमध्ये 6. शूबर्ट लीडमध्ये त्याच्या वर गेला नसता तर ओंद्रा तिथं पहिला, गुणाकार 24, सुवर्ण. शूबर्ट पार शेंड्याला पोचला. ओंद्रा दुसरा, गुणाकार 48, आणि एकदम सहावा! एका माणसानं मात केली तर नंबर एकानं उतरावा की नाही? पाचानं उतरला. स्वतःच्या चढाईत एक बोट इकडचं तिकडं न होता. शेजारच्या खातेदारानं पैसे भरले म्हणून माझी शिल्लक निम्मी झाली, तर मी मॅनेजरची केबिन सोडणार नाही.

महासंघाला हे पटलं असावं, कारण 2024 ला पॅरिसमध्ये स्पीड वेगळं काढलं. मिरोस्वावनं अंतिम शर्यत 6.10 सेकंदांत मारली आणि सुवर्ण घेऊन गेली. बोल्डर आणि लीड मात्र एकाच दाव्याला बांधलेले राहिले. प्रत्येकी 100 गुण आणि त्यांची बेरीज. चौथीतून तिसरीत आले म्हणायचे. 2028 ला लॉस एंजलिसमध्ये तिघांना तीन वेगळी पदकं ठरली आहेत. तीन खाती, तीन खतावण्या. आमच्याकडे नवा लागलेला कारकून हे पहिल्या दिवशी शिकतो.

टोकियोचा हिशेब मात्र तसाच पडून आहे. पदकं कुणाची परत घेऊ नयेत. हिनेस लोपेस तेव्हा 18 वर्षांचा पोरगा, नियम त्यानं केला नव्हता. पण निकालाच्या तक्त्यात तीन रकाने आहेतच. प्रत्येक रकान्यात पहिलं कोण आलं, ते महासंघानं स्वतंत्र ओळीत, ठळक अक्षरांत लिहून ठेवावं. अर्ज किती प्रतींत करायचा, तेवढं कळवावं.