वंशसंहाराचा खटला वंशसंहार म्हणूनच चालावा



१५ ऑगस्ट २०१४ रोजी इराकच्या सिंजार भागातल्या कोचो गावात इसिस या दहशतवादी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी सगळ्या गावाला शाळेत गोळा केलं. पुरुषांना गाड्यांत भरून गावाबाहेर नेलं आणि गोळ्या घातल्या. म्हाताऱ्या बायकांना नंतर मारलं, तरुण स्त्रिया आणि मुली विकल्या. हे लोक यझिदी होते, मोररूपी देवदूताला भजणारे. एवढंच त्यांच्या जिवावर उठायला पुरलं. याच गावच्या नादिया मुराद त्या गुलामीतून निसटल्या; २०१८ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सगळ्या सिंजार भागातून पळवून नेलेल्या सहा हजारांहून अधिक यझिदींपैकी सुमारे अडीच हजारांचा अजून पत्ता नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ सालीच याला वंशसंहार म्हटलं. पण खटला चालवायचा कुठे? इराक आणि सीरिया आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्य नाहीत. इराकी न्यायालयांनी बहुतेक आरोपींना दहशतवादी संघटनेचे सदस्य म्हणून शिक्षा दिल्या. फाशीही झाली, पण कोणत्या बाईवर, कोणत्या मुलीवर काय अत्याचार केले, हे बहुधा विचारलंच गेलं नाही. ज्यांनी सोसलं त्यांची साक्षच नोंदली गेली नाही, हे आम्हाला सर्वांत जास्त खुपतं.

वाट काढली जर्मनीने. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रँकफर्टच्या न्यायालयाने एका इराकी इसमाला वंशसंहाराबद्दल जन्मठेप ठोठावली. गुलाम म्हणून विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीला त्याने फल्लुजाच्या रणरणत्या उन्हात खिडकीला बांधून ठेवलं होतं. त्यात ती गेली. तिच्या आईने न्यायालयात साक्ष दिली. गुन्हा जर्मनीत घडलेला नाही, आरोपी जर्मन नाही, मुलगी जर्मन नाही, आरोपीला पकडलं तेही ग्रीसमध्ये. तरी खटला उभा राहिला, कारण वंशसंहार जगात कुठेही घडला तरी जर्मनीत खटला चालवता यावा, असा कायदा जर्मनीने २००२ सालीच करून ठेवला होता.

आपल्याकडे असा कायदा नाही. वंशसंहारविरोधी कराराला भारताने १९५९ साली मान्यता दिली, तरी हा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात कधी आलाच नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली ही उणीव स्पष्ट शब्दांत मांडली होती. उद्या सिंजारचा एखादा गुन्हेगार मुंबईच्या विमानतळावर सापडला, तर त्याच्यावर वंशसंहाराचं कलम लावता येणार नाही.

म्हणून आपल्या खासदारांना पत्र लिहा, मराठीतच लिहा. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे देशाच्या कायद्यात आणा, ते कुठेही घडले तरी इथे खटला चालवता यावा, एवढीच मागणी करा. वकील मंडळींनी आपापल्या बार असोसिएशनमध्ये तसा ठराव मांडावा. जर्मनीतल्या मराठी बांधवांनी आपल्या शहरात असे खटले चालू असतील तर तिथे जाऊन बसावं; सुनावणी सहसा सर्वांसाठी खुली असते. पत्राची प्रत जपून ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या अधिवेशनाआधी पुन्हा पाठवा.