रविवारी काढ की!

गेल्या दिवाळीत आमच्या मेढ्याच्या घरी शेजारची मुलगी फराळाचे ताट घेऊन आली. मुलगी म्हणायचे ते सवयीने. वय पस्तिशीचे, पुण्यात एका कंपनीत हिशेब विभागात चांगली नोकरी. ताट ठेवून ती गेली नाही. पिशवीतून जाड कागदाची वही काढली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत होता आणि पुस्तकंही लिहिता, म्हणून तुम्हालाच विचारते. नोकरी सोडून लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची म्हणते. पोट भरेल का?"

मागोमाग तिचे वडील आले. जावळीतल्या असंख्य माणसांसारखाच त्यांचाही उभा जन्म मुंबईत माथाडी म्हणून पोती उचलण्यात गेला. दाराशी चपला काढता काढताच ते म्हणाले, "चित्रं काढायला नोकरी कशापायी सोडायची? रविवारी काढ की!"

हसण्यावारी न्यावे असे हे वाक्य नव्हते. ज्या तालुक्याची चूल वर्षानुवर्षे मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटली, तिथे महिन्याच्या एक तारखेचे मोल पुस्तकी माणसाने शिकवायला नको. शिवाय माझी बाजू स्वच्छ नाही. शाखेत अधिकारी असताना पाट्या रंगवणारा एक पेंटर माझ्याकडे कर्ज मागायला आला होता. हात सुरेख होता. मी अर्जावर शेरा मारला, 'उत्पन्नाची शाश्वती नाही.' नियमाने तो बरोबर होता. पुढे फ्लेक्सचे फलक आले आणि त्याचा ब्रश बंदच पडला. शेरा खरा ठरला, पण तो खरा ठरण्यात माझाही थोडा हात होता, हे मनातून जात नाही.

तेव्हा वडिलांचे म्हणणे आधी घेऊ. रविवारी चित्रे काढून मोठे झालेले लोक आपल्याकडे आहेत. वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी व्यंगचित्रे, मुखपृष्ठे, कथाचित्रे काढली आणि ती पिढ्यांच्या लक्षात राहिली. मग हिलाच नोकरी का सोडायची आहे?

फरक कामाच्या जातीत आहे. व्यंगचित्र एका बैठकीत पुरे होऊ शकते. मुलांचे चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे. पहिल्या पानावरची मुलगी तिसाव्या पानावर तीच दिसली पाहिजे, मग ती पाठमोरी असो, रडत असो की झाडावर चढलेली असो. चित्र दोन पानांवर पसरले तर चेहरा मधल्या घडीत जाऊन चालत नाही. मजकुरात जे लिहिले तेच पुन्हा काढले तर चित्राचा उपयोग काय? जे लिहिलेले नाही ते त्याने सांगायचे असते. अक्षर न येणारे मूल तेच वाचत असते. हे सगळे महिनोन्‌महिने डोक्यात धरून ठेवावे लागते. सहा दिवस दुसऱ्यांचे हिशेब जुळवून सातव्या दिवशी तो धागा सापडतोच असे नाही.

"आता उशीर झाला का?" हा तिचा दुसरा प्रश्न. याचे उत्तर सोपे आहे. माधुरी पुरंदरे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पुढे फ्रान्सलाही गेल्या. पण त्यानंतरची वाट सरळ चित्रपुस्तकांकडे गेली नाही. त्यांनी फ्रेंच शिकवले, 'तीन पैशाचा तमाशा'त गायल्या, पिकासोवर पुस्तक लिहिले, अनुवाद केले. 'राधाचं घर', 'यश', 'चित्रवाचन' ही पुस्तके त्यानंतरची. आपल्या घराअंगणातली मुले त्यांत आपल्यासारखीच दिसली. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. अमेरिकेतले विल्यम स्टाइग 'न्यूयॉर्कर'चे व्यंगचित्रकार. मुलांसाठी पहिले पुस्तक त्यांनी केले १९६८ साली, साठीच्या उंबरठ्यावर. 'श्रेक' या गाजलेल्या चित्रपटामागचे १९९० सालचे पुस्तक त्यांचेच.

मात्र ही नावे सांगताना त्यांच्या मागची गोष्ट लपवू नये. उशिरा आलेल्या या माणसांच्या गाठीला दुसरे काम, दुसरी ओळख होती. नुसत्या धाडसावर कोणी हे केलेले नाही.

म्हणून मी कागद घेतला आणि बँकेतल्यासारखा हिशेब मांडला. समजा, पुस्तकाची किंमत १०० रुपये, आवृत्ती २,००० प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या आणि चित्रकाराला पाच टक्के मानधन मिळाले, तर हाती येतात १०,००० रुपये. पुस्तकाला चार महिने लागले असतील, तर महिना पडला अडीच हजार. तिने आकडा पाहिला, वडिलांनीही पाहिला. काही वेळ कोणी बोलले नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. म्हणजे काढणाऱ्याने आधीच लेखी ठरवले नाही, तर एकदा मिळालेल्या रकमेवर विषय संपला. पुढच्या आवृत्त्या, दुसऱ्या भाषा, दिनदर्शिका यांवर त्याने बोलायचे काम नाही. हक्क सोपवून द्यायचे तर तेही लेखीच लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. किती चित्रकारांना हे ठाऊक असते? ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा, ही आपली भीड. ती भीड महाग पडते.

त्यात आता यंत्र आले आहे. २०२२ पासून चार ओळी लिहून द्यायच्या आणि संगणकाने मिनिटात चित्र काढून द्यायचे, हे कोणालाही साध्य झाले. अडीच हजारही वाचतात म्हटल्यावर प्रकाशकाला मोह होणारच. मग या मुलीने कशाच्या भरवशावर उतरायचे?

याचे उत्तर मला तिच्या वहीत दिसले. भातलावणी चालली आहे, मुसळधार पाऊस आहे, आणि कामट्या-पानांचे इरले पाठीवर घेऊन एक म्हातारी वाकली आहे. इरल्याखालून दोन लहान पाय बाहेर आले आहेत. नात आत लपली आहे. वडिलांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आयचं इरलं डावीकडनं फाटलेलं व्हतं. तिथनं पानी गळायचं." मुलीने तिथेच पेन्सिल काढली.

यंत्र इरले काढील, कदाचित देखणेही काढील. ते कुठून फाटले होते हे त्याला कोण सांगणार? उद्या इरले फक्त चित्रातच उरणार असेल, तर ते पाहिलेल्या माणसाने काढलेले असावे, एवढे तरी आपण आपल्या नातवंडांना देणे लागतो.

तिला मी सांगितले ते असे. राजीनामा आज देऊ नकोस. आधी एक पुस्तक पुरे कर. वर्षभराचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला काढ. कंपनी अर्धवेळ काम देते का ते विचार. पहिल्या करारावर सही करण्यापूर्वी तो मला दाखव. मगच ठरव. वडिलांना यातले "आज देऊ नकोस" तेवढे आवडले. मुलीने बाकीचे लिहून घेतले.

पण तिचे गणित सुटणे फक्त तिच्या हातात नाही. मेढ्याहून फार दूर नसलेल्या भिलारला ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. घरांच्या भिंती चित्रकारांनी रंगवल्या आणि लोक त्या कौतुकाने पाहतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, तेव्हा आपण पेढे वाटले. आणि पुस्तक प्रदर्शनात शंभर रुपयांचे चित्रपुस्तक उलटेपालटे करून "एवढीशीच पाने?" म्हणत परत ठेवणारे आजोबाही आपणच. मीही त्यांत होतो.

ही सवय बदलली नाही, तर मुलांची चित्रे काढणे हा पेन्शनवाल्यांचा नाहीतर खात्यापित्या घरच्यांचा उद्योग राहील. माथाड्याची मुलगी त्यात यायची नाही, आणि तिच्या आजीचे इरलेही यायचे नाही. लेखक म्हणून माझे नाव ठळक छापले जाते. मुलांच्या पुस्तकावर चित्रकाराचेही तेवढेच ठळक छापावे आणि मानधनही त्या मानाने द्यावे, हे प्रकाशकांनी करायचे काम. आपले काम त्याहून सोपे आहे. पुढच्या वाढदिवसाला घरातल्या मुलाच्या हाती एक चित्रपुस्तक द्यावे आणि वाचून दाखवताना चित्रे कोणी काढली, तेही नाव मोठ्याने वाचावे.