सेन्सर किती ते नंतर सांगा. कुठे आणि कुणासाठी, ते आधी

मंडळी, आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या नव्या १०० खाटांच्या इमारतीचा पाया भरून झालाय. यावेळी अंदाजपत्रकात 'स्मार्ट बिल्डिंग' नावाचा एक भाग आहे. माणूस आला की आपोआप लागणारे दिवे, धुराचे, तापमानाचे आणि हवेचे सेन्सर, शिवाय तळमजल्यावर सगळं दाखवणारा मोठा स्क्रीन. नग लिहिलेत, दर लिहिलेत. कुठला सेन्सर कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर, हे सांगणारा नकाशा मात्र नाही. विचारलं तर उत्तर आलं, "ते एजन्सी बघेल, फिनिशिंगच्या वेळी."

फिनिशिंगच्या वेळी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वायरचा पाईप स्लॅबमध्ये आणि भिंतीत आधीच टाकलेला नसेल, तर रंग दिलेल्या भिंती पुन्हा फोडायच्या, नाहीतर वरून पांढऱ्या पट्ट्या मारायच्या. मग एजन्सी वायर जिथे सहज पोचते तिथे सेन्सर लावून मोकळी होते. नग भरले, बिल निघालं.

आणि जागा चुकली की सेन्सर सरळ खोटं बोलतो. तापमानाचा सेन्सर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर किंवा कॉम्प्युटरच्या वर लावला, तर तो वॉर्डचं तापमान सांगतच नाही, भिंतीचं सांगतो. एसी त्याचं ऐकतो आणि खाली पेशंट कुडकुडतात. हवेतला कार्बन डायऑक्साईड मोजणारा सेन्सर खूप उपयोगी आहे. बाहेर मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम असतं. ओपीडीच्या गर्दीत १००० च्या वर गेलं, तर समजायचं की आपण एकमेकांचे उच्छ्वास घेतोय. टीबीचे पेशंट जिथे रांगेत बसतात तिथे ही माहिती लाखमोलाची. पण तोच सेन्सर उघड्या खिडकीशेजारी लावला तर कायम 'सगळं छान' दाखवणार.

दिव्यांचंही तसंच. माणूस ओळखणारे साधे सेन्सर हलणारी उष्णता टिपतात. रेकॉर्ड रूममध्ये बाबू शांतपणे लिहीत बसला की दिवा बंद. मग दर दहा मिनिटांनी हात हलवायचा. चार दिवसांत कुणीतरी त्यावर चिकटपट्टी मारतं. अशी चिकटपट्टी मी एका सरकारी इमारतीत स्वतः पाहिलीय. जिना, संडास, कॉरिडॉर इथे हे सेन्सर चांगले. पेशंटच्या डोक्यावर कशाला?

पण खरी काळजी वेगळीच आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ पैकी १० बाळं गेली. आग लागल्याचं कळलं ते एका नर्सला धूर दिसला तेव्हा. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, तिथेही किमान ११ जणांचा जीव गेला.

म्हणून विचारतो, रात्री दोन वाजता आपल्या नव्या इमारतीत धुराचा सेन्सर वाजला, तर तो कुठे वाजणार? तळमजल्यावरच्या स्क्रीनवर? तिथे रात्री कोण असतं? तो नर्सच्या टेबलाशी वाजला पाहिजे, आणि वाजल्यावर कुणी काय करायचं हे ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेलं पाहिजे. दसऱ्याच्या पूजेत धूप लावल्यावर वाजला म्हणून त्याला टोपी घालून ठेवणं, हेही आपल्याकडे होतं.

जमतं का हे सरकारी दवाखान्यात? जमतं. लसींचे फ्रीज बघा. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. 'ईविन' योजनेत या फ्रीजना तापमानाचे सेन्सर बसवलेत. तापमान बिघडलं की ठरलेल्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जातो. स्क्रीन नाही, शोभा नाही. कुठे लावायचा आणि कुणाला कळवायचं, हे आधी ठरलं, एवढंच.

वीज वाचवायची म्हणता ना? मग आधी मजल्यागणिक, आणि ऑपरेशन थिएटर, लॉन्ड्री, पाण्याचे पंप यांना वेगळे मीटर लावा. अख्ख्या इमारतीला एकच मीटर असेल तर वीज कुठे जाते हे कुठलाही सेन्सर सांगणार नाही. हे काम स्वस्त आहे, पण उद्घाटनाला दाखवण्यासारखं नाही, म्हणून कदाचित यादीत नाही.

आणि देखभाल? पाच वर्षांचा करार अंदाजपत्रकात मला दिसला नाही. बॅटरी संपली तर कोण बदलणार, धूळ कोण पुसणार, धुराचे सेन्सर दर तीन महिन्यांनी कोण वाजवून बघणार?

पहिला स्लॅब अजून पडायचाय, म्हणजे वेळ आहे. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक सेन्सरची जागा दाखवणारा नकाशा, आणि प्रत्येकासमोर तो वाजला की धावणाऱ्याचं पद. हे दोन्ही मंजूर झाल्याशिवाय स्लॅब टाकू नये. बांधकाम विभाग आणि वैद्यकीय अधीक्षक, दोघांना लेखी अर्ज देतोय, गुरुवारी सकाळी ११ वाजता. ज्यांना सही करायची असेल त्यांनी जुन्या दवाखान्याच्या फाटकाशी यावं. इलेक्ट्रिकचं काम जाणणारे कुणी असतील तर जरूर या. नकाशा आला तर तो वाचायलाही माणसं लागतील.