दुसरी किल्ली

घरात एखादी वस्तू दोन असली, की त्यांतल्या एकीची किंमत माणसाला कळत नाही. आणि एकच उरली, की जी काळजी वाटायला हवी ती वाटत नाही. या दुहेरी प्रमादाचे प्रायश्चित्त आम्ही गेल्या आषाढात घेतले. निमित्त झाले मोटारीच्या किल्लीचे. आमच्यासारखीच दहा-पंधरा वर्षांची, मालकाबरोबर वृद्ध होत चाललेली गाडी पुष्कळ वाचकांच्या दारी उभी असेल. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगत आहोत.

२०१२ साली गाडी घरी आली तेव्हा तिच्याबरोबर दोन किल्ल्या आल्या. दोहोंना काळ्या प्लॅस्टिकची मूठ आणि मुठीवर दारे उघडण्या-लावण्याची बटणे. त्यांपैकी एक देवासच्या एका लग्नात हरवली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, दुसरी करून घेऊ या." आम्ही उत्तरलो, "एक आहे ना!" या तीन शब्दांवर आम्ही चार वर्षे निभावली.

आमच्या मातोश्रींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. अशाच एका दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती एकुलती एक किल्ली माडीच्या कठड्यावरून अंगणातल्या फरशीवर पडली. मुठीला तडा गेला. आम्ही तिला रबर गुंडाळले आणि निश्चिंत झालो. सकाळी मातोश्रींना गाडीत बसविले, किल्ली फिरविली; इंजिन क्षणभर घुरघुरले आणि गप्प झाले. समोर किल्लीच्या आकाराचा एक लहानसा दिवा लुकलुकू लागला. दहा वेळा प्रयत्न केला, दहाही वेळा तेच. अखेर रिक्षा आणविली. मातोश्री वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मात्र त्यांचा हात आमच्या मनगटावर घट्ट होई. तो हात आम्हांला त्या चार वर्षांचा जाब विचारीत होता.

दुपारी राजवाड्याजवळच्या एका किल्लीवाल्या तरुणाला शेजाऱ्यांनी पाठवून दिले. आमच्या इंदुरात त्याला सारे 'चाबीवाला' म्हणतात. त्याने रबर काढले, मूठ उघडली आणि विचारले, "बाबूजी, इसकी चिप कहाँ गई?" आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. मग त्याने जे समजावून दिले ते आम्हांला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते.

अशा किल्लीत वास्तविक तीन किल्ल्या नांदत असतात. पहिली लोखंडी पाते. ते कुलूप फिरविते. दुसरी बटणांची, ती बिनतारी संदेशाने दारे उघडते आणि तिला नाण्याएवढा सेल लागतो. तिसरी म्हणजे ही इवलीशी चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलुपाभोवती तारेचे एक वेटोळे असते; किल्ली जवळ येताच त्यातून चिपेला शक्ती मिळते आणि ती आपली सांकेतिक खूण सांगते. गाडीतल्या संगणकाला ती ओळखीची वाटली तरच इंजिन चालू राहते. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली. पुढे ती आपल्याकडील मोटारींतही आली. जुन्या मोटारींची किल्ली कोणीही कानस घासून करून देई. आता हुबेहूब पाते कापले तरी ते दार उघडील, गाडी चालविणार नाही.

आता प्रश्न चिपेचा होता आणि सकाळचा केर तर काढून झाला होता! सौभाग्यवतींनी केराची बादली अंगणात पालथी केली. निर्माल्य, पालापाचोळा, शेंगांची टरफले यांतून अखेर नातीने चिंचोक्याहून लहान असा एक काळा तुकडा उचलून दाखविला. त्या तरुणाने तो मुठीतल्या खाचेत बसविला, किल्ली फिरविली आणि गाडी सुरू झाली. तो म्हणाला, "एक चाबी ज़िंदा है तो काम आसान है." सगळ्याच किल्ल्या गेल्या असत्या, तर गाडी ओढून न्यावी लागणे, गुप्त क्रमांक मिळविणे, प्रसंगी संगणकच उतरविणे, असा मोठा खटाटोप होता.

आम्ही उत्साहाने म्हणालो, "तर मग आजच दुसरी करून टाका." त्यावर त्याने शांतपणे गाडीचे नोंदणीपत्र आणि आमचे ओळखपत्र मागितले. आम्हांला ते झोंबले. गाडी आमच्या दारात, माणसे आमची, सकाळपासूनची आमची तारांबळ त्याच्यासमोर. आणि हा आम्हांलाच पुरावा मागतो! आम्ही काही बोलणार तोच पलंगावरून मातोश्री म्हणाल्या, "अरे, तो तुला चोर म्हणत नाही. उद्या चोर त्याच्याकडे गेला, तर त्यालाही तो हेच विचारील. दे कागद."

मातोश्रींच्या कमरेला एके काळी साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा असे. कोणती कोठी कोणासाठी उघडायची हे त्यांना सांगावे लागत नसे. किल्लीचा अधिकार काय असतो ते आमच्यापेक्षा त्या अधिक जाणत होत्या. आम्ही मुकाट्याने कागद आणून दिले. त्या तरुणाने वहीत नोंद करून आमची सही घेतली.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. त्याने आधी गाडीची बॅटरी तपासली. काम चालू असता वीज कमी पडली तर संगणकाची स्मृती बिघडू शकते. नंतर नवे पाते कापले, सुकाणूखालच्या खोबणीत आपले यंत्र जोडले आणि दोन्ही किल्ल्या पाळीपाळीने फिरविल्या. याला ते लोक 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात. आम्ही त्याला शिधापत्रिकेवर नाव चढविणे म्हणू. पुष्कळ गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या नोंदी पुसल्या जातात; म्हणून घरात असतील तितक्या किल्ल्या त्या वेळी हजर हव्यात. याचा लाभ असा, की देवासला हरवलेल्या किल्लीचे नावही पुसले गेले. आता ती कोणाला सापडली तरी इंजिन तिला ओळख देणार नाही. बटणांची नोंद त्याने निराळी केली. अर्ध्या तासात सारे आटोपले.

वाचकांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथे नोंदवितो. बटणे चालेनाशी झाली तर आधी सेल बदलून पाहावा. त्यावरचा क्रमांक पाहूनच नवा घ्यावा. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. मूठ फुटली तर ती फेकू नये. नव्या मुठीत जुनी चिप बसविता येते. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही किल्ल्या, आणि गुप्त क्रमांकाचे कार्ड मिळालेले असेल तर तेही, मागून घ्यावे. किल्ली हरवली तर पोलिसांत आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडी चोरीला गेल्यास विमेदार सर्व किल्ल्या मागतात.

असो. त्यानंतरच्या फेरीला आम्ही नव्या किल्लीने गाडी काढली. मातोश्रींनी विचारले, "आणि जुनी?" आम्ही म्हणालो, "देवघरातल्या खुंटीला." त्या म्हणाल्या, "तिथे नको. सुनेकडे दे. तू घरी नसलास तर मला कोण नेणार?"

दुसरी किल्ली करणे म्हणजे नुसते पाते कापणे नव्हे. आपल्याखेरीज आणखी एका माणसाच्या हाती ती विश्वासाने ठेवणे, हे आम्हांला त्या दिवशी उमगले. घरातले कागद कोठे आहेत, औषधांच्या वेळा कोणत्या, डॉक्टरांचा पत्ता काय, अशा किती किल्ल्या आपण एकट्याच्याच खिशात ठेवून हिंडत असतो! पहिली शाबूत आहे तोवर दुसरी करणे सोपे असते. वाचकहो, हा अंक खाली ठेवाल तेव्हा एकदा खिसा चाचपून पाहा, आणि हाताला एकच किल्ली लागली, तर आमच्यासारखे "एक आहे ना!" म्हणू नका.