उसाला काटा, दुधाला काटा, मग आवाजालाच का नाही?



या पानावर आपण खत, पाणी, खोडवं, हुमणी यावर बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो वस्तीतला आणि गोठ्यातलाच आहे. मिरवणूक असो, वरात असो, जयंती, उरूस नाहीतर पुढाऱ्याची सभा असो, डीजे नियम मोडून वाजला आणि कुणी तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, "तक्रार कुणी केली?" माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्नच बंद झाला पाहिजे. नाव विचारू नका, आवाज मोजा.

श्रीपूर हे कारखान्याचं गाव. साखरपट्ट्यात वजनकाट्यावरून किती आंदोलनं झाली ते तुम्ही बघितलंय. काटा तपासायला पथक आलं की ते काटा तपासतं, तक्रार करणारा कुठल्या गटाचा ते तपासत नाही. डेअरीवर दुधाची फॅट कुणी नुसती नजरेनं ठरवली तर आपण कॅन परत घेऊन येऊ. ग्रॅमसाठी आणि पॉइंटसाठी भांडणारे आपण, पण दारापुढं भिंती हादरल्या तरी म्हणतो, "जाऊ द्या, एक दिवसाचं तर आहे."

आधी नियम नीट समजून घेऊ. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, देशभर लागू आहेत, खेड्यालाही आहेत. लेखी परवानगीशिवाय लाऊडस्पीकर लावता येत नाही. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर १० जास्त, म्हणजे वस्तीत दिवसा ६५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरता येतं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवाला १२ वाजेपर्यंत सूट देता येते, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस आणि ते दिवस सरकारनं ठरवलेले. मंडळानं ठरवलेले नव्हेत.

आता या आकड्यांत एक मेख आहे. ५५ वरून ६५ झालं म्हणजे थोडं वाढलं असं वाटतं. तसं नाही. डेसिबल १० नं वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. ७५ ला शंभरपट, ९५ ला दहा हजारपट. पाच एचपीच्या मोटारीला परवानगी घेऊन कुणी पन्नास हजार एचपी जोडली तर वायरमन गप्प बसेल का?

याचा फटका कुणाला बसतो ते बघा. दणक्यानं बिथरलेली गाय पान्हा चोरते. अंगात भीतीचं रसायन पसरलं की पान्हा सोडवणारं संप्रेरक काम करत नाही, हे कुठलाही पशुवैद्य सांगेल. गाभण जनावर दावं तोडायला बघतं. लग्नसराईत आणि जयंत्यांच्या दिवसांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या रस्त्याकडंलाच असतात. त्या बाया पहाटे चारला उठून फडात जातात. पाचटाच्या कोपीला भिंत नाही की खिडकी नाही, त्यांचं तान्हं लेकरू झोपायचं कसं? ज्याची रात्रपाळीची लाईट आहे तो बारे देऊन येतो, त्याला दिवसाही डोळा लागत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या छातीचं तर विचारूच नका. आणि "एक दिवस" हा मंडळाचा असतो. रस्त्याकडंच्या घराला सगळ्या मंडळांचा, सगळ्या जयंत्यांचा आणि सगळ्या वरातींचा दिवस सोसावा लागतो.

मग तक्रार का होत नाही? मी केली होती. काही वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला फोन लावला. गाडी आली, पण त्याआधी मला उलट फोन आला, "तक्रारदार कोण? समोर या, सही करा." मी घरातच थांबलो. आवाज दहा मिनिटं कमी झाला, परत वाढला, आणि सकाळी चहाच्या टपरीवर माझं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं महिनाभर माझ्या उसाची वाट अडवली गेली. माझं निभावलं. पण ज्याचं घर भाड्याचं, ज्याचं पोरगं त्याच गल्लीत खेळतं, तो दुसऱ्यांदा फोन उचलेल का? शहरात तक्रार करणारा चौथ्या मजल्यावरचा कुणीतरी असतो. गावात तो अमक्याचा चुलता असतो. म्हणून नाव फुटलं की तक्रार मेली.

आणि कायदाही नाव मागत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर सांगितलं की तक्रारीसाठी सोपी यंत्रणा हवी आणि तक्रारदाराचं नाव बाहेर जाता कामा नये. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयानं परत बजावलं की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही त्याच निकालात आहे. मुंबईला लागू आणि माळशिरस तालुक्याला नाही, असं त्यात काही लिहिलेलं नाही.

आता लोक म्हणतील, आमच्याच सणाला नियम का? अहो, नियमात कुठल्याच सणाचं नाव नाही. भोंगा असो, डीजे असो, सभेचा कर्णा असो, मीटरला जात-धर्म कळत नाही. म्हणूनच मीटर पाहिजे. माणूस मोजायला बसला की आपला-परका बघतो. आणि भक्तीला भिंत हादरावी लागते असं म्हणणाऱ्यानं आषाढात अकलूजला जाऊन बघावं. तुकोबारायांच्या पालखीबरोबर लाखो माणूस टाळ-मृदंगावर चालतं. कुणाची भक्ती कमी पडते?

दुसरं म्हणणं, पोरांचा धंदा बुडेल. हे मी हसण्यावारी नेत नाही. कर्ज काढून सिस्टीम घेतलेली पोरं आपलीच आहेत. पण हलगीवाला, सनईवाला, बँडवाला हेही आपलेच होते, त्यांचा धंदा कुणी बुडवला? आणि कारवाई झाली तरी सिस्टीम जप्त होते त्या पोराची. परवानगीवर ज्याची सही आहे तो अध्यक्ष आणि बॅनरवर ज्याचा फोटो आहे तो पुढारी घरी झोपतो. हा न्याय उलटा आहे. आधी सही करणाऱ्याला धरा.

तर मागण्या सरळ आहेत. परवानगी देतानाच वेळ, मर्यादा आणि जबाबदार माणसाचं नाव कार्यक्रमाच्या जागेवर मोठ्या अक्षरात लावा. बंदोबस्ताला पोलीस असतातच, त्यांच्या हातात मीटर द्या आणि आकडा लिहून ठेवायला लावा, मग तक्रारीची वाटच बघायला नको. रात्री दहानंतर तर मोजायचीही गरज नाही, सूट नसेल तर उघड्यावर वाजणं हाच गुन्हा. आणि ११२ ला फोन आला तर फोन करणाऱ्याला परत बोलावू नका. आवाज कुठून येतोय ते शोधायला पत्ता लागत नाही, कान पुरे.

आपल्याकडून एवढं करू. एकट्यानं फोन करण्यापेक्षा हंगामाआधीच दहा-वीस घरांच्या सह्यांचं निवेदन ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत आणि ठाण्यात द्या, पोच घ्या. वीस सह्यांतला कुणाला धरायचा ते कुणालाच कळत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी जागा, वेळ आणि परवानगी कुणाच्या नावाची हे लिहा, मोबाईलवर चित्रण ठेवा. मोबाईलमधला मीटर पुरावा म्हणून टिकेल असं नाही, पण अंदाज देतो.

कमेंटमध्ये कुठल्याही मंडळाचं किंवा माणसाचं नाव टाकू नका. तुमच्या गावात परवानगीचा कागद जागेवर लावतात का, एवढंच लिहा.