हळदीचं गुपित

बालमित्रांनो,

संपली ना सहामाही परीक्षा? दप्तर खुंटीला लागलं असेल आणि घरात भाजणीचा खमंग वास सुटला असेल. आमच्या नंदुरबारकडे या दिवसांत नवी लाल मिरची बाजारात येऊ लागते. पथाऱ्यांवर मिरच्यांचे लालभडक गालिचे पसरतात आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण फटाफट शिंकतो! पण आज आपल्याला मिरची नको. आज आपण पिवळ्याधमक हळदीतून लाल रंग काढणार आहोत.

मात्र आधी आईला विचारा हं. फराळाची गडबड चालू असेल, तर तळणाची कढई खाली उतरेपर्यंत धीर धरा. आपल्या प्रयोगाला गॅस, चूल, काडेपेटी यांतलं काहीच लागत नाही.

साहित्य : दोन चमचे हळद, पाणी, कोरे पांढरे कागद, थोडा कापूस, काड्या, लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, मीठ, साखर, खायचा सोडा, पापडखार आणि कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी.

कृती : जुना सदरा घाला, कारण हळदीचा डाग सहजासहजी जात नाही. हळद थोड्या पाण्यात कालवा. कापसाच्या बोळ्याने कागदावर तिचा पातळ लेप द्या. कागद सावलीत वाळवा, वरची सुटी हळद झटकून टाका आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापा. झाला आपला हळदकागद तयार!

आता मीठ, साखर, सोडा आणि पापडखार वेगवेगळ्या वाट्यांत चमचाभर पाण्यात विरघळवा. प्रत्येक वाटीसाठी वेगळी काडी घ्या. पण थांबा! पट्टीवर थेंब टाकण्यापूर्वी वहीत दोन रकाने आखा. एकात 'माझा अंदाज', दुसऱ्यात 'प्रत्यक्ष काय झाले'. अंदाज आधी लिहायचा, मागाहून खोडायचा नाही. अंदाज चुकला तर काही बिघडत नाही. चुकलेला अंदाजच जास्त शिकवतो, बरं का!

काय दिसले? लिंबू, चिंच, ताक यांनी पट्टी पिवळीच राहिली. मीठ आणि साखरेनेही फरक पडला नाही. खायच्या सोड्याने फिका नारिंगी-तांबूस रंग आला. पापडखार आणि साबणाच्या पाण्याने तर पट्टी चक्क लाल झाली! आता खरी गंमत करा. त्या लाल ठिपक्यावर लिंबाचे दोन-तीन थेंब पिळा. ठिपका पुन्हा पिवळा! परत साबणाचं पाणी घाला, परत लाल!

असे का होते? हळदीत कर्क्युमिन नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. लिंबू, चिंच, ताक यांसारख्या आंबट पदार्थांत आम्ल असते. साबण, सोडा, पापडखार, चुना हे आम्लाच्या उलट गुणाचे, म्हणजे आम्लारीधर्मी. मीठ आणि साखर दोन्हींकडचे नाहीत, ते उदासीन. आम्लारीधर्मी पदार्थात कर्क्युमिनची रचना थोडी बदलते आणि ते लाल दिसते. आम्ल घातले की रचना मूळपदावर येते. अशा रंग बदलून ओळख सांगणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. शाळेतला लिटमस कागद हेच काम करतो. वरणाचा डाग पडलेला सदरा धुताना डाग एकदम लाल का होतो, ते आता कळलं ना? तोच सदरा उन्हात वाळवला की डाग फिका पडतो, कारण ऊन कर्क्युमिनचा रंग घालवते. आणि कपाळाचे कुंकूसुद्धा पूर्वापार हळदीवर चुन्यासारख्या पदार्थांची प्रक्रिया करूनच केले जाते.

भाऊबीजेसाठी एक गुप्त भेटकार्ड करा. पापडखाराच्या दाट पाण्यात काडी बुडवून पांढऱ्या कागदावर निरोप लिहा आणि वाळू द्या. कागद जवळजवळ कोराच दिसेल. मग भावाला किंवा बहिणीला हळदीचं पातळ पाणी आणि कापसाचा बोळा द्या. हलक्या हाताने फिरवला की लाल अक्षरे उमटतील. कागद फार भिजवू नका, नाहीतर निरोप फिसकटेल!

हा झाला खेळ. पण एकदा याच खेळाने मोठे काम केले.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मी शिकवत होते. माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर तापाने निजून होता. घरच्यांनी बाहेरगावच्या एका बाबाला बोलावले. त्याने थाळीत पिवळे पाणी घेतले, काहीतरी पुटपुटत बोटे बुडवली आणि पाणी लाल झाले. "हे रक्त! पोरावर करणी झाली आहे," असे सांगून त्याने गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका आजींच्या घराकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवसापासून त्या आजींना हापशावर कुणी पाणी भरू देईना.

आम्ही महिन्यापूर्वीच वर्गात हळदकागद केले होते. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, पाणी आधी पिवळं होतं ना? मग ती हळदच असेल. त्यानं बोटांना चुना लावला असेल."

मी म्हटले, "असेल. पण नुसतं 'असेल' म्हणून भागत नाही. दाखवावं लागेल."

शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांना बोलावले. थाळीत हळदीचे पाणी घेतले आणि चुना लावलेली बोटे बुडवली. थाळी लाल झाली. मागून कुणीतरी म्हणाले, "बाई, हे तुमचं नाटक. त्याचं रक्तच होतं." तेव्हा ती मुलगी पुढे आली. तिने थाळीत अख्खे लिंबू पिळले. पाणी पिवळे झाले. "रक्त लिंबानं पिवळं होतं का?" तिने विचारले. कुणीच बोलले नाही.

त्या बाबाची थाळी तर केव्हाच ओतून टाकलेली होती. त्यामुळे त्याने नक्की काय केले, हे आम्ही सिद्ध करू शकलो नाही. पण रक्ताचा थेंबही नसताना थाळी लाल होते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच दुपारी मुलाला सरकारी दवाखान्यात नेले आणि औषधाने तो बरा झाला. सगळ्यांच्या मनातली भीती गेली असे मी म्हणणार नाही. पण सोमवारी ती मुलगी आजींची घागर घेऊन हापशावर उभी राहिली आणि तिला कुणी अडवले नाही.

पालकहो, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. करणीच्या नावाखाली कुणाचा छळ करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणखी एक विनंती. चुना डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते, म्हणून चुन्याचा प्रयोग मुलांना करू देऊ नका. त्यांच्यासाठी पापडखार पुरेसा आहे.

मुलांनो, वही मात्र जपून ठेवा. हळदीने जखम भरते, हे आपल्या आजीला ठाऊकच आहे. पण १९९५ मध्ये अमेरिकेत त्याचेच पेटंट दिले गेले! तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, त्या परिषदेने जुन्या ग्रंथांतले लिखित पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. 'आम्हाला माहीत आहे' एवढे म्हणून ते झाले नसते. लिहिलेले होते, म्हणून झाले.

आता सुट्टीचा गृहपाठ! लाल जास्वंदीच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळा आणि त्याच वाट्यांतले थेंब त्यावर टाका. कोणते रंग दिसतात? मी मुळीच सांगणार नाही. आधी अंदाज लिहा, मग पाहा. आणि हो, प्रयोग संपल्यावर वाट्या तुम्हीच घासून ठेवा. आईला फराळाचं काम कमी आहे का?

शुभ दीपावली!

तुमची,
बाई